साडीगार्ड काढताना

नवी बाईक घरी आणल्यावर मी सगळ्यात आधी साडीगार्ड काढून टाकलं. ॲडव्हेंचर बाईक घेणारे बरेच जण हेच करतात. उंच, दगडधोंड्यातून जाणाऱ्या गाडीला ती जाळी शोभत नाही, असं आमचं मत. मेकॅनिकने दोन-तीन बोल्ट काढले आणि जाळी माझ्या हातात दिली. ती माळ्यावर गेली आणि मी रायडिंग गिअर शोधायला लागलो.

हा शोध चार महिने चालला. बाराही महिने चालेल असं एक जॅकेट आपल्याकडच्या हवेत मिळत नाही, हे मला हळूहळू कळलं. मे महिन्यात जाळीदार जॅकेटशिवाय इलाज नाही. पावसासाठी जॅकेटच्या आत वेगळं अस्तर मिळतं, पण मग बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि घाटातल्या वाऱ्यात अंग गारठतं. त्यापेक्षा जाळीदार जॅकेटवरून रेनकोट चढवलेला बरा. थंडीत आत एक थर वाढवायचा. कापड घासलं जाणं किती सोसेल, शिवण टिकेल का, यासाठी ईएन 17092 हे युरोपीय मानक आहे. त्यात ए, डबल ए, ट्रिपल ए अशा चढत्या श्रेणी असतात. कोपर-गुडघ्याच्या पॅडची चाचणी 50 जूल ऊर्जेच्या आघाताने होते. पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत जोर आत गेला तरी चालतो, दुसऱ्या पातळीला मर्यादा 20 ची. पाठीच्या खिशात मात्र अनेक जॅकेटांत नुसता मऊ फोम असतो. तो काढून खरं पाठीचं कवच वेगळं विकत घ्यावं लागतं.

हे सगळं मी पाठ केलं होतं. जॅकेट, पँट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, तळव्यावर कडक पट्टी असलेले ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट मिळून 45 हजार गेले. पैसे उरले नाहीत, म्हणून मागे बसणाऱ्यासाठी आयएसआय मार्कचं एक साधं हेल्मेट घेतलं, 900 रुपयांचं.

जुलैत धाकट्या बहिणीला मागे बसवून ताम्हिणीमार्गे माणगावला मावशीकडे निघालो. ती जीन्स, सुती कुर्ता आणि वरून पातळ रेनकोट घालून आली होती. घाट उतरताना एका वळणावर रस्त्यावर चिखल वाहून आला होता. वेग फार नव्हता, पण पुढचं चाक निसटलं आणि आम्ही दोघं आडवे झालो. माझ्या गुडघ्याच्या पॅडवर ओरखडे उठले, ग्लोव्हच्या पट्टीचा कोपरा झिजला. मला स्वतःला काही झालं नाही. तिच्या कोपराची साल निघाली आणि उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घातल्यावर तिने विचारलं, "दादा, तुझं जॅकेट फाटलं का रे?"

तो टोमणा नव्हता. जॅकेट महागाचं आहे हे तिला माहीत होतं, म्हणून खरंच काळजीने विचारलं. तिचं काम कीबोर्डवरचं. पुढचे सहा आठवडे ती डाव्या हाताने टाइप करत होती. मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडकलो.

गिअर विकत घेणं ही एक कबुली असते. आपण पडू शकतो, पडलो तर कोपर रस्त्यावर आपटेल, तळवा आधी टेकेल, हे मान्य असतं म्हणून तर आपण पैसे मोजतो. ज्याला हा धोका ठाऊकच नाही, त्याला फार दोष देता येणार नाही. मी चार महिने अभ्यास केला होता. तळवा आधी टेकतो हे मला माहीत होतं. तरी मी स्वतःचे तळवे झाकले आणि तिचे उघडे ठेवले. म्हणजे माहिती दोन शरीरांबद्दल होती आणि मी ती एकालाच लागू केली.

हेल्मेटचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल. पुण्यात 2019 च्या सुरुवातीला हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही हा सूर होता. हसून सोडून द्यावं इतकं ते म्हणणं पोकळ नाही. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 सालच्या 'ऑन लिबर्टी'मध्ये हाच प्रश्न तत्त्व म्हणून मांडला. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसाला अडवावं, केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी अडवू नये, असं त्याचं म्हणणं. एकटा रायडर घाटात जात असेल, तर या युक्तिवादाला निदान उभं राहायला जागा आहे. मागे कुणी बसलं की ती जागा उरत नाही. आता डोकी दोन आहेत, आणि हँडल एकाच्याच हातात आहे.

पण ती स्वतःच्या मर्जीने बसली होती ना? बसली होती. मात्र तिच्या मर्जीला माहितीचा आधार नव्हता. मागे बसणाऱ्याला ब्रेक नसतो, पुढचं वळण धड दिसत नाही. टायर किती झिजलाय हे त्याने पाहिलेलं नसतं. त्याने धोका तोलून होकार दिलेला नसतो, चालवणाऱ्यावर विश्वास ठेवलेला असतो. दिलेल्या होकारामागे आपल्याला लपता येतं. ठेवलेल्या विश्वासामागे लपता येत नाही, कारण तो आपल्यावरच ठेवलेला असतो.

गंमत म्हणजे कायद्याला हे माणूस आपल्याआधी दिसलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 त्याच्याही पुढे जातो. मागच्या माणसाला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. मी काढून टाकलेली जाळी तीच. मागे साडी, ओढणी, रेनकोटचा घोळ असेल, याचा विचार कुणीतरी नियम लिहिताना केला होता. मी पान्याने तो विचार सोडवून माळ्यावर टाकला.

यात आणखी एक गुंता आहे. सॅम पेल्ट्झमन या अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये असा दावा केला की गाड्या सुरक्षित केल्या की चालक जास्त बेफिकीर होतात आणि त्याची किंमत रस्त्यावरून पायी चालणाऱ्यांना मोजावी लागते. त्याच्या आकडेमोडीवर पुढे बरेच वाद झाले. पण मला त्यातला साधा भाग ओळखीचा वाटतो. गिअर अंगावर आल्यापासून मी वळणं थोडी जोरात घेतो. अंग झाकलेलं आहे ही भावना मनगटात उतरते आणि ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला जातो. कवच माझ्या एकट्याचं असतं, त्यातून आलेला वेग मात्र दोघांचा होतो. म्हणजे माझी सुरक्षितता मी काही अंशी तिच्या हाडांवर उधार घेतली होती.

यावर रास्त आक्षेप आहे. महाराष्ट्रात लाखो घरांत एकच बाईक असते आणि तिच्यावर आई, बाप, पोर, दळणाची पिशवी असं सगळं जातं. त्यांनी ट्रिपल ए जॅकेट घ्यावं म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणं. खरंच आहे. पण त्यांच्यापुढे पर्याय बहुतेकदा बाईक किंवा पायपीट एवढाच असतो. पावसात घाट बघायला मी हौसेने निघालो होतो. गरजेपोटी पत्करलेला धोका आणि मजेसाठी पत्करलेला धोका यांत फरक आहे, आणि ज्याची हौस, त्याच्यावर जास्त जबाबदारी येते.

मग 45 हजारांचं काय करायला हवं होतं? डबल ए ऐवजी ए श्रेणीचं जॅकेट घेतलं असतं, तर त्यातून तिचे ग्लोव्ह्ज आणि कोपर-गुडघ्याचे पॅड सहज आले असते. एकाला उत्तम आणि दुसऱ्याला काहीच नाही, यापेक्षा दोघांना बरं हे मला जास्त न्याय्य वाटतं.

तेही जमत नसेल, तर फुकटचं एक साधन उरतं, ते म्हणजे वेग. बाकी सगळं सारखं असेल, तर घसरत जाण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी 40 ऐवजी 60 ने जाताना पडलो, तर आपण सव्वादोन पट लांब घासत जातो. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना एक नियम माहीत असतो: ग्रुपने सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं. बाईकसाठी मी तो असा वाचतो: ज्याच्या अंगावर सगळ्यात कमी आहे, त्याच्या हिशेबाने वेग ठरवायचा. चालवणाऱ्याच्या जॅकेटच्या हिशेबाने नाही.

दिवाळीत मी बहिणीच्या मापाचं जॅकेट आणि ग्लोव्ह्ज आणले. साडीगार्ड माळ्यावरून काढून परत बसवलं. गाडी आता जरा गबाळी दिसते. मे महिन्यात ती मागे बसली आणि पाच मिनिटांत म्हणाली, "दादा, थांब, मी हे जॅकेट काढते. उकडून जीव जातोय."

मी कपड्याच्या श्रेणी सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. ती सज्ञान आहे, मनगट मोडून घेतल्यामुळे धोका तिला माझ्याइतकाच कळतो, आणि काय घालायचं हा निर्णय तिचा. तिने जॅकेट काढून मांडीवर ठेवलं. मी काटा 40 वर आणला आणि पूर्ण रस्ता तिथेच ठेवला.