दर्शनाची वेळ कोणाची?

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलू लागले. श्रोते होते सत्याग्रहात पकडलेले कैदी. दुसरा अध्याय पुढच्या रविवारी. मधले दिवस तुरुंगाचे काम, तुरुंगाची भाकरी आणि ऐकलेल्याचे मनातल्या मनात रवंथ. असे अठरा रविवार गेले आणि १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. श्रोत्यांमध्ये बसलेले साने गुरुजी झरझर लिहून घेत होते. त्यांनी ते लिहिले नसते, तर 'गीता प्रवचने' नावाचे पुस्तक नसते, आणि त्या भिंतींच्या आत बोललेले शब्द भिंतींच्या आतच विरले असते.

आज ती प्रवचने कोणी वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या रूपात फोनवर मिळतात. धुळ्याच्या देवपुरातला एखादा विद्यार्थी रात्री दोन वाजता थेट बारावा अध्याय लावू शकतो, कंटाळा आला तर पंधराव्यावर उडी मारू शकतो, दीडपट वेगाने ऐकू शकतो. शब्द तेच. मग त्या अठरा रविवारांपैकी काही गळाले का? गळाले असेल तर ते धर्माच्या दृष्टीने महत्त्वाचे होते, की केवळ तुरुंगाची अडचण होती?

हाच प्रश्न घरच्या पडद्याबद्दलही पडतो. केबल जाऊन ओटीटी आले, याची चर्चा खान्देशात बहुतेक पैशांच्या अंगाने होते. घराघरांत हिशेब एकच: सेट टॉप बॉक्सचा रिचार्ज वेगळा, इंटरनेटचा वेगळा, दोन्ही कशाला भरायचे? प्रश्न खरा आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला की फोनच टीव्ही बनला. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नव्या दररचनेत शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर कर असा पायाच ठरला. हव्या त्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. अनेकांनी बॉक्सच काढून ठेवला. पूर्वी गच्चीवरून काळी वायर ओढणारा केबलवाला आता पुष्कळ ठिकाणी फायबर ओढतो आणि राउटर बसवतो. व्यवहार इथे संपतो. पण ज्या पडद्यावर घराने रामायण पाहिले, कीर्तन ऐकले, एकादशीला विठोबा पाहिला, त्याची रीत बदलते तेव्हा प्रश्न पैशांपाशी थांबत नाही.

२५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. रविवारी सकाळी आंघोळी उरकून लोक संचासमोर बसत. कोणी उदबत्ती लावी, कोणी संचाला हार घाली. ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांच्या ओट्यावर गल्ली जमे. शहरी सुशिक्षितांना तेव्हा त्यात अंधश्रद्धा दिसली. तो निवाडा घाईचा होता. खोक्यात देव आहे असे त्या बायाबापड्यांना वाटत नव्हते. दारात पोथी लागली की तिचा मान ठेवायचा, एवढेच त्यांना ठाऊक होते आणि तो मान त्यांनी ठेवला. वेळ दूरदर्शनने ठरवली होती. म्हशीची धार, रानात जाणे, स्वयंपाक हे सगळे त्या वेळेभोवती मागेपुढे सरके. कथेसाठी माणूस सरकत होता. कथा माणसासाठी सरकत नव्हती.

केबलने हे थोडे मोडले, पण पुरते मोडले नाही. वाहिन्या वाढल्या तरी वेळापत्रक राहिले. पहाटेच्या प्रवचनाला पहाटेच उठावे लागे. शिवाय केबलचे एक अंग होते, ज्याची आठवण आता कोणी काढत नाही: गावची स्थानिक वाहिनी. गणपती विसर्जन, सप्ताहातले कीर्तन, शाळेचे संमेलन, सगळे त्या वाहिनीवर लागे आणि ते त्याच गावाच्या तारेवर, गावाच्या हद्दीपुरते दिसे. जळगावात अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला श्रीरामाचा रथोत्सव कार्तिकी एकादशीला निघतो. रथाच्या चाकाखाली मोगरी लावून त्याला आवरणारे, वळवणारे हात गावाचेच. असा सोहळा गावच्या तारेवर लागला की घरात बसून पाहणाऱ्यालाही मोगरी लावणारा माणूस ओळखीचा असे.

ओटीटी आणि यूट्यूब यांना ना वेळ आहे, ना गाव.

ही तक्रार वाटेल, पण आधी यातले भले सांगितले पाहिजे, कारण ते मोठे आहे. केबलच्या शेकडो वाहिन्यांच्या गर्दीत अहिराणीच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नव्हते. प्रमाण मराठी आणि हिंदी यांच्या मधल्या फटीत ती बोली दिसेनाशी झाली होती. यूट्यूबने तिला दार उघडले. 'झुमकावाली पोर'सारखे अहिराणी गाणे कोटींच्या संख्येने पाहिले गेले आणि कानबाई या खान्देशी देवीची गाणी सुरतच्या उधना-लिंबायत भागातल्या खान्देशी घरांत वर्षभर वाजू लागली. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पंढरपूरच्या गाभाऱ्याचे थेट दर्शन घडते, तेही रांगेत उभे न राहता. ज्याला हे क्षुल्लक वाटते, त्याने अशा म्हातारीजवळ एकदा बसावे.

तरीही प्रश्न उरतो, आणि त्याचे मूळ पूजेच्या अगदी पहिल्या कृतीत आहे. कोणतेही कर्म सुरू करताना संकल्प सोडतात. त्यात देश आणि काळ उच्चारावा लागतो: कोणत्या द्वीपात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणता संवत्सर, कोणता मास, कोणती तिथी. खान्देशात तो तीर गोदावरीचा उत्तर तीर. मग कर्त्याचे नाव आणि गोत्र. म्हणजे धर्मकृत्याचा आरंभच 'मी इथे आहे आणि आत्ता आहे' या कबुलीने होतो. हवे तेव्हा, हवे तिथे, हवे तेवढे, हे ओटीटीचे सारे वैभव या कबुलीच्या नेमके उलट्या दिशेला उभे आहे.

गणेश चतुर्थीच्या सकाळचे उदाहरण घ्यावे. गुरुजी एक, घरे पन्नास. म्हणून पूर्वी प्राणप्रतिष्ठेच्या पूजेची कॅसेट लावत, मग सीडी आली, आता यूट्यूब. मंत्र वाजतो, यजमान मध्येच थांबवतो, दूर्वा शोधतो, पुन्हा चालू करतो. ही पूजा झाली का? मीमांसकांच्या विचाराने उत्तर शोधले तर ते कित्येकांना वाटते त्याहून उदार निघते. त्यांच्या मते शब्द नित्य आहे. बोलणाऱ्यामुळे त्याला प्रामाण्य येत नाही. कर्म मात्र कर्त्याचे असते. फोन मंत्र सांगू शकतो, पण पळीने पाणी सोडायला हात लागतो. तो हात यजमानाचा असेल तर पूजा झाली म्हणायला हरकत नसावी. तीच चित्रफीत नुसती लावून घर नाश्त्याला बसले, तर घरात फक्त आवाज झाला. पडदा गुरुजींच्या जागी बसू शकतो. यजमानाच्या पाटावर त्याला बसवता येत नाही.

दर्शनाचे कोडे याहून अवघड आहे. अमळनेरला प्रताप शेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. वेदान्ताचा, विशेषतः अद्वैताचा, तिथे फार कसून अभ्यास झाला. अद्वैताच्या बाजूने पाहिले तर पडद्यावरच्या विठोबाला दुय्यम म्हणायला आधारच नाही. जो सर्वत्र आहे तो काचेत नाही असे कसे म्हणणार? युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याच तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ शिकलेल्या आणि अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झालेल्या एका माणसाने, साने गुरुजींनी, १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण मांडले. मागणी होती अस्पृश्यांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश मिळावा ही. दहा दिवस त्यांनी प्राण पणाला लावले, तेव्हा दार उघडण्याचा निर्णय झाला.

देव सर्वत्र आहे हे गुरुजींना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? दार बंद ठेवणारेही तेच ज्ञान सांगू शकले असते: तुम्ही बाहेरून नमस्कार करा, विठोबाला पोचतो. शतकानुशतके हेच तर सांगितले गेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर, महाद्वाराबाहेर आहे. सर्वव्यापी देवाचा सिद्धांत तिथे माणसाला बाहेर ठेवण्याच्या कामी आला. म्हणून गुरुजींचा आग्रह देहाच्या उपस्थितीचा होता. शेजारच्या माणसाच्या खांद्याला खांदा लागून, त्याच दगडावर पाय ठेवून, त्याच पायांवर डोके टेकण्याचा. देव दिसण्याइतकेच, आपण इतरांना तिथे उभे असलेले दिसणे हेही दर्शनात येते. पडद्यासमोरच्या भक्ताला विठोबा दिसतो. तो भक्त मात्र कोणालाच दिसत नाही. पडदा कोणाची जात विचारत नाही, ही त्याची थोरवी. पण त्याच्यापुढे कोणाला कोणाच्या शेजारी उभे राहावे लागत नाही, आणि ज्यासाठी उपोषण झाले ते नेमके हेच होते.

वारकऱ्यांनी हे तत्त्व ग्रंथात मांडत बसण्यापेक्षा पायांनी सांगितले. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून संत मुक्ताईची पालखी सुमारे महिनाभर चालून पंढरपूर गाठते. २०२० साली करोनामुळे पायी वारी थांबली. १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने नेल्या, त्यांत मुक्ताईच्याही होत्या. तंत्रज्ञान हाताशी होते. पादुका मुक्ताईनगरातच ठेवून दोन्ही गाभारे एका पडद्यावर जोडता आले असते. ते कोणाला पुरेसे वाटले नाही. मोजकीच माणसे, पण गेली, आणि पादुका एकादशीला पंढरीत होत्या. चालण्याची सवलत मिळाली, तिथीची मात्र मिळाली नाही.

त्याच वर्षीच्या टाळेबंदीतली दुसरी गोष्ट. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले. फोनवर हवे तेव्हा पाहण्याजोगे अमाप काही असताना लोक ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. मालिका तेहतीस वर्षे जुनी, पुढे काय होणार ते सर्वांना पाठ. घरात कोंडलेल्या माणसांना नव्या गोष्टीची भूक कमी आणि एका वेळी सर्वांनी मिळून काही पाहण्याची भूक जास्त होती, असाच त्याचा अर्थ लागतो.

खान्देशातल्या गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात ही भूक वर्षानुवर्षे भागत आली आहे. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला. दोन तासांच्या कीर्तनात महाराज एक अभंग घेतात, तो उलगडतात, मध्ये हसवतात, मध्ये टाळमृदंग भरात येतो, आणि शेवटी श्रोता मूळ चरणावर परत येतो. आता सप्ताहाच्या मंडपात कॅमेरा असतो आणि कीर्तनातली दीड-दोन मिनिटे कापून फोनवर फिरतात. बहुधा हसवणारी. हसणे कीर्तनात परके नाही, पण तिथे ते वाटेवरचे झाड असते. तुकड्यात झाड उरते आणि वाट जाते. तो तुकडा संपताच पुढे काय लागावे हे यंत्र ठरवते: अभंगानंतर जाहिरात, जाहिरातीनंतर भांडण. हाती निवड आली असे ज्याला वाटते, त्याची निवड दुसराच कोणी करत असतो. हे धर्माच्या प्रश्नाइतकेच स्वातंत्र्याच्या प्रश्नातही बसते.

उलट बाजूला कानबाईच्या प्रसादाचे रोट ठेवून पाहावेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला निरोप देतात. पुण्या-मुंबईला, सुरतेला कामाला गेलेली भावंडे त्यासाठी गावी येतात, कारण रोट भाऊबंदांनीच एकत्र बसून खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. व्हिडिओ कॉलवर कानबाई दिसते, गाणी ऐकू येतात. रोट खाता येत नाही. या सणाने शतकांपूर्वीच जणू ठरवून ठेवले की एक गोष्ट अशी असावी, जिच्यासाठी यावेच लागेल.

मुक्ताईच्या नावावरचे ताटीचे अभंग मराठी घराला ठाऊक आहेत. रागावून झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना धाकटी बहीण दार उघडण्याची विनवणी करते. आजच्या घरात चार माणसांच्या चार फोनांवर चार निरनिराळी कीर्तने लागू शकतात, चारही उत्तम, आणि चौघांच्या कानांत इअरफोन. दार लावलेले नसते, तरी घर बंद असते.

केबल परत आणा असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. खान्देशातल्या सप्ताह समित्यांना आणि देवस्थानांना मात्र तीन गोष्टी आजपासून करता येतील. कीर्तन यूट्यूबवर दाखवायचे तर थेट आणि पूर्ण दाखवा, तुकडे करून सोडू नका. ज्या घरात ते पाहिले जाते, त्या घराला सांगा की फोन बाजूला ठेवून ते मोठ्या पडद्यावर, ठरल्या वेळी, सगळ्यांनी मिळून पाहावे. आणि गावात जे म्हातारे किंवा म्हाताऱ्या अंथरुणावरून ते पाहत असतील, त्यांची यादी समितीने करावी, आणि शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद घेऊन कोणीतरी त्यांच्या घरी जावे, दार उघडावे, दोन घटका जवळ बसावे.