सापळा

सालेकशात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कृषी केंद्र होते आणि त्याच्या समोर जुना कडुलिंब. चोरीच्या धास्तीने दुकानदाराने छतावर मोठा एलईडी फ्लडलाइट बसवला. त्याचा पांढरा झोत दारापेक्षा लिंबाच्या शेंड्यावरच जास्त पडायचा, तोही उजाडेपर्यंत.

रोवणीचे दिवस होते. दरेकसाकडचा एक म्हातारा शेतकरी खत न्यायला आला, पण त्याची शेवटची गाडी चुकली. दुकानदार माणूस भला होता. त्याने ओसरीवर सतरंजी टाकून दिली.

मध्यरात्री लिंबावर दयाळ गाऊ लागला. स्वच्छ, लांब शीळ. दुकानदार कौतुकाने खाली आला.

"ऐकलं का काकाजी? माझ्या दिव्यानं पाखरूसुद्धा रात्री गाऊन राहिलं."

म्हातारा उठूनच बसला होता. "आनंदानं नाही गाऊन राहिला शेठ. त्याला वाटते पहाट झाली. आता कोणी हद्दीत घुसू नये म्हणून ओरडून राहिला. झोप गेली बिचाऱ्याची."

"अन् तो कोतवाल? त्याची तर चैन आहे." खरेच, तारेवरचा कोतवाल झोतात झेपावत एकामागून एक पतंग टिपत होता. भिंतीवर पिंगळाही टपून बसला होता. खाली फरशीवर पंखांचा नि मेलेल्या किड्यांचा थर साचला होता.

म्हाताऱ्याने त्यातले चिमूटभर उचलून तळहातावर घेतले. "मागल्या साली तुमच्याकडूनच धानासाठी प्रकाश सापळा नेला होता. तुम्ही तेव्हा काय सांगितलं होतं?"

दुकानदार काही बोलला नाही. दर हंगामात शंभर जणांना सांगितलेले वाक्य होते ते. खोडकिड्याचे पतंग दिव्यावर येतात, म्हणून अंधार पडल्यावर काही तास सापळा लावा. रात्रभर ठेवू नका, नाहीतर मित्रकिडेही मरतात.

"आमच्या बांधीत काही तास, अन् तुमच्या छतावर रात्रभर? हे किडे इथंच मेले तर सकाळी पाखरानं पिल्लांना काय भरवायचं?"

"पण चोर आला तर?"

"चोर दाराशी येईल शेठ. लिंबाच्या शेंड्यावर नाही येणार."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने दिव्याला पत्र्याची टोपी करून झोत दारावर वळवला, पांढऱ्याऐवजी मंद पिवळा दिवा घातला आणि कोणी जवळ आले तरच तो लागेल असा सेन्सर बसवला. चोरी झाली नाही. दयाळ पुन्हा पहाटेच गाऊ लागला.

म्हाताऱ्याने ओसरीवर बसून जे ओळखले, त्याची मोजदाद शास्त्रज्ञांनीही केली आहे. व्हिएन्नाजवळच्या जंगलातला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथे रस्त्याच्या दिव्यांजवळ राहणारे अनेक जातींच्या पक्ष्यांचे नर पहाटे नेहमीपेक्षा लवकर गाऊ लागले होते आणि दिव्यांजवळच्या निळ्या टिट माद्या अंडीही आधी घालत होत्या. शरीराला रात्र झाल्याचे सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उजेडात कमी होते. मग झोप, गाणे, वीण, सगळ्यांचीच वेळ सरकते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा अळ्या पुरेशा असतीलच, याची खात्री राहत नाही. माझ्या मते रात्री गाणाऱ्या पक्ष्याचे कौतुक करणे हा आपला अडाणीपणा आहे. ते गाणे ऐकून आधी दिव्याकडे पाहायला हवे.

अंधार राखायचा म्हणजे गाव काळोखात ठेवायचे, असेही नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांत शंभरावर दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे क्षेत्र, ठरले आणि त्या गावांतले रस्ते आजही उजेडातच आहेत.

आज रात्री घराबाहेर जाऊन आपला दिवा नेमका कुठे पडतो ते पाहा. झाडावर पडत असेल तर तो खाली वळवा, आणि नगरपंचायतीकडेही तशीच मागणी करा.