टिटवी कोणासाठी ओरडते?

मनन : मत्तय ६:२६, लूक १२:२४

प्रभूने डोंगरावर लोकांस चिंतेविषयी बोध केला तेव्हा त्याने कोणताही ग्रंथ उघडून दाखविला नाही; वर उडणाऱ्या पाखरांकडे त्यांची नजर वळविली. हे वचन आपणां सर्वांस पाठ आहे. दुष्काळात, आजारात, कर्जाच्या दिवसांत आपण ते एकमेकांस सांगून धीर देतो. परंतु आम्हांस असे वाटते की, आपण त्याचा शेवट तेवढा घेतो व आरंभ सोडून देतो. मत्तयाच्या मूळ ग्रीक लेखात तेथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ सहज दृष्टीस पडणे असा नव्हे, तर नीट निरखून पाहणे असा आहे. कावळ्यांविषयी लूकाने योजिलेला शब्द तर त्याहून पुढचा, म्हणजे लक्ष देऊन समजून घेणे असा आहे. पाहणे ही आज्ञाच आहे. ती न पाळता चिंता सोडू पाहणारा मनुष्य रात्री पुन्हा जागाच राहतो.

मग आपण पाखरे पाहतो काय? आपल्या कोल्हापूर प्रांती पाखरांची वाण नाही. नांगरामागे बगळे चालतात, म्हशीच्या पाठीवर कोतवाल बसतो, उसाच्या बांधावर वेडा राघू तारेवरून झेप घेऊन माशी टिपतो. पण आपण पाखरे पाहतो थोडी, ऐकतो फार. आणि ऐकतो तेही त्यांचे म्हणणे नव्हे, आपल्याविषयीची वार्ता म्हणून. कावळा ओरडला की पाहुणा येणार. भारद्वाज दिसला की काम होणार. आढ्यावर पिंगळा बोलला की घरात विघ्न. पूर्वी पहाटेच्या प्रहरी पिंगळा-जोशी कुडमुडे वाजवीत येई व पिंगळ्याने आपणांस काय सांगितले ते दारोदार सांगे. त्यावर सूपभर जोंधळे मिळत. ह्या बाबतीत आम्ही शेजाऱ्यांकडे बोट दाखविणार नाही. रॉयल वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरास १८५२ साली सुवार्तेचे काम आरंभिले, त्यास पावणेदोनशे वर्षे होत आली. आपल्या घरांतून देव्हारे गेले. टिटवी मात्र राहिली.

पंचगंगेकाठच्या एका गावातील गोष्ट सांगतो. आपल्या मंडळीतील एका घरी म्हातारे गृहस्थ अंथरुणास खिळलेले होते, आणि घरामागच्या रानात तीन रात्री टिटवी ओरडत होती. घरच्या आजींनी उतारा टाकण्यासाठी लिंबू व नारळ काढून ठेविले. तेथील उपदेशकांनी जाऊन प्रार्थना केली, वचन वाचले, भिऊ नका म्हणून सांगितले. पुढे आठ दिवसांनी म्हातारे प्रभूकडे गेले. मातीहून परत आल्यावर आजी म्हणाल्या, “मास्तर, तुमची प्रार्थना ऱ्हाऊ द्या. टिटवी खोटं बोलली न्हाई.”

वाचकहो, अशा वेळी आपण काय बोलाल? पुष्कळ उपदेशक येथे रागावतात, किंवा अविश्वासाविषयी दोन शब्द सुनावून निघून जातात. ह्या बंधूंनी तसे केले नाही. ते म्हणाले, “आजी, आज रात्री ती ओरडते का तेवढे ऐका.” टिटवी त्या रात्री ओरडली, दुसऱ्या रात्रीही ओरडली. मरणाचा निरोप पोहोचला होता, मग आता ती कोणासाठी ओरडत होती? तिसऱ्या दिवशी सकाळी उपदेशक त्या घरच्या मुलास बरोबर घेऊन रानात गेले. ढेकळांत, उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या कडेत चार अंडी होती, मातीच्याच रंगाची व काळ्या ठिपक्यांची. दोन्ही टिटव्या त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालून कल्लोळ करीत होत्या. रात्री कुत्रे वा कोल्हा त्या वाटेने गेला, की हाच कल्लोळ घरात ऐकू येई. आणखी दहा-बारा दिवसांनी पिले निघाली, आईबाप त्यांस ओढ्याकडे घेऊन गेले, आणि रान शांत झाले.

ती ओरड तिच्या घरासाठी होती, आपल्या घरासाठी नव्हे.

ह्या पाखराचे अधिक सांगण्याजोगे आहे. त्याच्या डोळ्यापुढे तांबडी कातडी असते, पाय पिवळे व लांब. ते झाडावर घरटे बांधीत नाही. सुमारे चार आठवडे नर व मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवितात. भर उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापली म्हणजे ती पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात व ओल्या अंगाने अंड्यांवर बसतात. एवढी माया जिच्या ठायी देवाने ठेविली, तिला आपण यमाची दासी ठरविले.

आणि भयाने नुसते भय उपजत नाही, हत्याही होते. गव्हाणी घुबड पडक्या घरात किंवा कोठाराच्या आढ्यावर राहते, व उसात आणि भातात नासाडी करणारे उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न. ज्याची मजुरी द्यावी लागत नाही असा हा राखणदार. त्यालाच अशुभ म्हणून दगड मारितात, अमावास्येच्या तोडग्यासाठी धरून विकितातही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. आपल्या मंडळीतील कोणाचा हात ह्यात असेल तर तो त्याने आजच आवरावा.

सर्वच जुने ऐकणे खोटे होते असे मात्र नव्हे. मृगाच्या आधी पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो असे आपले वाडवडील सांगत. तो पाखरू आपल्या जोडीदारास हाक मारीत असतो. पण त्याची हाक व पावसाची चाहूल एकाच सुमारास येतात, हे अनेक पिढ्यांनी कान देऊन ताडले होते. भयाचे ऐकणे निराळे, लक्ष देण्याचे निराळे.

लक्ष न दिल्याने काय होते ते गिधाडांच्या गोष्टीवरून कळेल. आपल्यांपैकी पुष्कळांच्या आजे-पणजांच्या गळ्यात गावाने मेलेली जनावरे ओढण्याचे काम बांधिले होते. त्या अपमानाची आठवण आम्हांस आहे. गिधाडे ओळखणारे लोकही तेच होते. १९९० नंतर थोड्याच वर्षांत ती आकाशातून नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात शंभरात एकही उरली नाहीत. कारण पुष्कळ दिवस समजेना. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधात उलगडले की, गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मढ्यात राहते, व ते मढे खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्या औषधास बंदी केली. एवढा मोठा पक्षी डोळ्यांदेखत गेला, आणि कित्येक गावांत तो गेल्याचे बोलणेही निघाले नाही.

ह्याच्या उलट एक उदाहरण आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका मुसलमान घरातील मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडिली. ती उचलिली तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या चिमणीस तो नसतो. मुलाने ती टाकून दिली नाही; मामांच्या सांगण्यावरून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारावयास गेला. तेच पुढे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली झाले, आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले. चिमणी भूमीवर पडते ते पित्यास कळते, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आपण वाचितो. आपणांस ते कळते का, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारितो तेव्हा मान खाली जाते.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. शब्बाथशाळेच्या मुलांस ह्या हिवाळ्यात रंकाळ्यावर किंवा आपल्या गावतळ्यावर न्यावे. शेपटी हालवीत फिरणारा परीट पक्षी पाऊस सरता सरता उत्तरेकडून येतो व उन्हाळा लागला की परत जातो. तो प्रथम कोणत्या तारखेस दिसला ते मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. यिर्मयाच्या आठव्या अध्यायातील सातवे वचन मग त्याच वहीशेजारी ठेवून वाचावे. काठावर बसलेल्यांनी तेवढा वेळ बोलू नये, उपदेशकांनीही.

त्या पंचगंगेकाठच्या घरी आम्ही पुढल्या वर्षी वैशाखात गेलो होतो. रानाची नांगरट झाली होती. मधोमध खाटेएवढा तुकडा मात्र तसाच राहिला होता, आणि त्याच्या कडेस एक काठी रोविली होती. मुलास विचारिले, तर तो म्हणाला, “आईनं सांगितलं तसं केलं.” आजी दारात बसून जोंधळे पाखडीत होत्या. रात्री टिटवी ओरडली, तेव्हा त्या उठल्या, कंदील घेऊन परसात गेल्या आणि म्हणाल्या, “कुत्रं आलं वाटतं तिकडं.” दगड घेऊन त्या कुत्र्यामागे गेल्या.