साहस आणि प्रमाद

औंढा नागनाथ तालुक्यांतील शिरड शहापूर हें गांव मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठीं प्रसिद्ध आहे. जैन साधूंच्या आचारांत 'ईर्यासमिति' नांवाचा एक नियम आहे : पुढील चार हात भूमि न्याहाळीतच पाऊल टाकावें. अशाच एखाद्या गांवांतून शिक्षणासाठीं नांदेडला वा पुण्याला गेलेला मुलगा हात सोडून, तांबडा दिवा डावलून, किंवा मालमोटारीच्या मागील साखळीस धरून सायकल दामटतांना दिसला, कीं आम्हांस त्या नियमाची आठवण होते.

'जीव माझा, धोकाही माझाच,' असें तो म्हणेल. त्याच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नव्हे. धोका मुळींच न पत्करतां सायकल येत नाहीं. मागें धरणारा बापाचा हात केव्हां तरी सुटावाच लागतो. जे वडील तो सोडीत नाहींत, ते मुलांस सुरक्षित ठेवीत नसून पंगू करीत असतात. 2018 सालीं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनीं विशीच्या उंबरठ्यावर सुमारें 29,000 किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेंत स्पेनमध्यें चाकूचा धाक दाखवून त्यांस लुटण्यांत आलें. तरी त्यांच्या उद्योगास अविचार म्हणण्यास आमची जीभ धजणार नाहीं.

मग भेद कोठें आहे? संकटाच्या आकारांत तो नाहीं. ताशी 30 किलोमीटर वेगानें आदळणें म्हणजे सुमारें साडेतीन मीटर उंचीवरून पडणें होय. वेग दुप्पट झाला, कीं आघाताची शक्ति चौपट होते. हें गणित त्यांसही आणि या मुलासही सारखेंच लागू आहे. तत्त्वार्थसूत्रांत प्रमादानें घडलेल्या प्राणघातास हिंसा म्हटलें आहे. आणि प्रमाद म्हणजे अनवधान. साहसी मनुष्य संकट डोळ्यांसमोर ठेवून वागतो. प्रमादी तें विसरतो आणि त्या विस्मृतीलाच शौर्य समजतो. शिवाय तिची किंमत पुष्कळदां दुसरेच देतात : रस्ता ओलांडणारी म्हातारी, दचकून चाक वळविणारा गाडीवान, गांवीं वाट पाहणारी आई.

1885 च्या सुमारास जॉन केम्प स्टार्ली यांनीं जवळजवळ सारख्या चाकांची सायकल प्रचारांत आणली, तेव्हां जुन्या उंच चाकाच्या गाडीच्या मानानें तिला 'सुरक्षित' सायकल असेंच म्हणत. यंत्राला देतां येईल तेवढी सुरक्षितता त्यानें दिली. उरलेली चार हात भूमि न्याहाळणाऱ्या दृष्टींतूनच यावयाची असते. ती दृष्टि मुलास द्यावी, आणि मग वडिलांनीं खुशाल हात सोडावा.