झील धरणारे

घाई नको. दुपार निवांत असेल तेव्हाच हे करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडकी लावून घ्या, खुर्चीत पाठ टेकून बसा. गाणं कशावर ऐकावं याबद्दल माझा काही हट्ट नाही. तबकडीची खरखर ऐकल्याशिवाय जुनं गाणं कळत नाही असं मानणाऱ्यांतला मी नव्हे. खांदे सैल सोडा. एवढ्यात काही लावू नका.

आधी मनाने लंडनच्या हॅरो भागातल्या वील्डस्टोनला जाऊ. हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनजवळ एके काळी रेल्वे हॉटेल नावाचा पब होता. 1964 साली तिथे तरुण पोरं जमायची. अंगाबरोबर शिवलेले सूट, बाहेर लावलेल्या स्कूटरी, आत बुटकं छत आणि घाम. गाणाऱ्या संचाचं नाव तेव्हा ‘हाय नंबर्स’ होतं. जगाने त्यांना पुढे ‘द हू’ म्हणून ओळखलं. त्याच वर्षी पीट टाउनशेंडच्या गिटारची मान छताला लागून मोडली आणि त्याने उरलेली गिटारही तिथेच आपटून फोडली. रॉकच्या इतिहासात या पबची नोंद आहे ती एवढ्याचसाठी. मला मात्र मोडतोडीपेक्षा वेगळीच गोष्ट विचारावीशी वाटते. ही पोरं ऐकत काय होती, गात काय होती? जेम्स ब्राउन. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीची गाणी. 1965 मध्ये निघालेल्या ‘द हू’च्या पहिल्या अल्बमवरसुद्धा जेम्स ब्राउनची दोन गाणी आहेत. म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा सोल, ज्यात चर्चमधला गॉस्पेलचा गळा आणि रोजच्या जगण्यातले शब्द एकत्र येतात, तो मिडलसेक्समधल्या गोऱ्या पोरांनी उराशी धरला होता. त्यांचा त्या गाण्यातल्या दुःखाशी संबंध काय?

उत्तर शोधू नका. प्रश्न नुसता जवळ ठेवा. ते हॉटेल पुढे आगीत गेलं. त्या जागेवर आता फ्लॅट आहेत आणि इमारतींना ‘द हू’मधल्या डाल्ट्री आणि मून यांची नावं आहेत.

आता पहिलं गाणं लावा. विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’, 1965. शब्द सोडून द्या, फक्त ड्रम ऐका. दुसरा आणि चौथा ठोका जिथे पडायला हवा त्याच्या किंचित मागे पडतो. केसभर उशीर. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण चाललं होतं, तेव्हा निर्माता जेरी वेक्सलर सरळ वादकांसमोर येऊन ‘जर्क’ नावाचा तेव्हाचा नाच करून दाखवू लागला. ड्रमर अल जॅक्सनने त्याच्या पावलांवरून ठोका मागे ओढला. (हा स्टुडिओ म्हणजे एक जुनं थिएटर होतं, खुर्च्या काढलेलं, उतरत्या जमिनीचं. थिएटरांना दुसरा जन्म चांगला मिळतो. हॅरोतल्याच आपल्या रेनर्स लेनचं 1936 चं थिएटर आज झरथुष्ट्री मंडळींचं केंद्र आहे.)

त्या केसभर उशिरात आपला श्वास अडतो. अडू द्या. समेवर येण्याआधी मुद्दाम ताटकळत ठेवणारा गवई आपण ऐकलेला आहे, त्यामुळे ही ओढ कानाला परकी नाही. गाणं पुढे धावत नाही, आपल्यासाठी थांबतं. दोन-तीन वेळा ऐका, म्हणजे तो थांबा अंगात उतरेल.

मग थोडं पाणी प्या आणि अरीथा फ्रँकलिन लावा. 1972 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिने सलग दोन रात्री गाऊन ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम केला. वय एकोणतीस. बाप नावाजलेला धर्मोपदेशक, तो समोर बसलेला. अल्बमच्या नावाचं जे स्तोत्र आहे ते जवळजवळ अकरा मिनिटं चालतं, आणि त्यातले शब्द मोजायला गेलात तर फार थोडे. एकेका अक्षरावर ती थांबते, वर जाते, वळते, पुन्हा त्याच अक्षरावर येते. ख्यालाची बढत ऐकलेल्या कानांना यात गोंधळायला होणार नाही.

पण आज तिच्याकडे लक्ष देऊ नका. अवघड आहे, तरी प्रयत्न करा. तिच्या मागे ऐका. एक बाई ओरडते. कोणी टाळी वाजवतो, कोणी दाद देतो, कोणी नुसताच हुंकार भरतो. पियानोवर बसलेला जेम्स क्लीव्हलंड हा स्वतः गॉस्पेलचा मोठा माणूस. त्या रात्रींच्या चित्रपटात दिसतं की हे स्तोत्र चालू असताना त्याला रडू आवरत नाही आणि तो तोंड झाकून बसतो. अरीथा थांबत नाही. तो कोसळला म्हणून गाणं कोसळत नाही, कारण ते एव्हाना तिच्या एकटीच्या गळ्यावर उभंच नाही.

इथे मला आपलं कीर्तन आठवतं. बुवा पुढे, मागे टाळकरी. बुवांनी चरण सोडला की मागचे तो उचलतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतात, उपरण्याने कपाळ पुसतात, पुढचं मनात जुळवून घेतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात ते याच कामाला. लहानपणी आपण सगळे बुवांकडे पाहायचो. झीलकऱ्याचं नाव कोणाला ठाऊक असतं?

हे गाणं टिकलं ते त्यातलं दुःख खरं होतं म्हणून, असं सोलबद्दल नेहमी म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. खरं दुःख पुष्कळ गाण्यांत असतं आणि ती विसरली जातात. सोलमध्ये दुःखाच्या मागे कोणीतरी उभं असतं. चर्चमधली ही सोय घेऊनच हे गाणं बाहेर आलं. रे चार्ल्सने 1954 मध्ये एका गॉस्पेल गाण्याच्या वळणावर ‘आय गॉट अ वुमन’ बांधलं, तेव्हा देवाचं बाईला दिलं म्हणून धार्मिक लोक चिडले. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्या रंगभूमीवर आणल्या आणि त्यांत प्रेमिकांचं बोलणं घातलं. देवळातून निघालेली चाल येताना झीलकऱ्याची जागाही घेऊन येते. ती जागा रिकामी असते आणि तिथे कोण उभं राहणार, हे गाणं विचारत नाही. वील्डस्टोनच्या पोरांनी बहुधा तीच धरली. दुःख त्यांचं नव्हतं, साथ त्यांची होती.

आता शेवटचं गाणं, आणि याची गंमत अशी की यात मागे कोरस नाही. ऑटिस रेडिंगचं ‘डॉक ऑफ द बे’. 1967 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे सॉसलिटोला एका हाउसबोटीवर त्याला ते सुचलं. जॉर्जियातलं घर सोडून आलेला माणूस पाण्याकडे बघत बसला आहे, आणि इथेही हाती काही लागलेलं नाही. घर सोडून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हॅरोतल्या आपल्या माणसांना तर नाहीच. स्टॅक्सचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर याच्याबरोबर त्याने ते पुरं केलं, मेम्फिसला मुद्रित केलं, आणि 10 डिसेंबरला विस्कॉन्सिनमधल्या तळ्यात विमान कोसळून तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

गाणं अजून हातावेगळं व्हायचं होतं. मित्र गेल्यावर त्या दिवसांत क्रॉपर स्टुडिओत बसला आणि त्याने त्यात लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज मिसळले. 1968 च्या जानेवारीत ते बाहेर आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

लावा. डोळे मिटलेले राहू द्या. लाट येते ती मोजू नका, ती कधी येते एवढंच पाहा. एकटा माणूस बोलतो आणि मागून पाणी हुंकार देतं. शेवटी त्याचे शब्द संपतात आणि तो शीळ घालतो. तिथे तुम्हीही घाला. शीळ येत नसेल तर गुणगुणा, सूर हलला तरी हरकत नाही. झील धरायला फार मोठा गळा लागतो असं कुठे आहे? क्रॉपरने तर समुद्रावर भागवलं.