रिस्टोअर कधी करून पाहिलास?

अरे, तुझा मेसेज वाचला. "सर, सॉरी, डेटाचा थोडा इश्यू झाला होता, आता सॉर्ट आऊट झालाय." कुणी केला सॉर्ट आऊट? तू नाही केलास. संगमनेर तालुक्यातल्या माझ्या गावच्या दूध संस्थेच्या सचिवानं केला आणि त्याच्या बारावीतल्या मुलीनं केला. 140 सभासद, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, नऊ दिवस. पुसल्या गेलेल्या 2,520 नोंदी. पोरगी वहीतून वाचत होती: सभासद नंबर, लिटर, फॅट 3.6, एसएनएफ 8.4. आणि बाप एका बोटानं तुमच्या ॲपमध्ये पुन्हा भरत होता. दोन रात्री दोघं झोपले नाहीत, कारण दहाव्या दिवशी पेमेंट असतं. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, यांवर दर लागतो. नोंद नाही तर दर नाही, आणि दर नाही तर त्या माणसाच्या घरात पैसे नाहीत. पेंडीची उधारी असते, पोराची फी असते. त्याला 'इश्यू' म्हणायचं नसतं.

हे ॲप त्यांनी माझ्या शब्दावर घेतलं होतं, हे तुला माहीत आहे. तुमचा सेल्सचा मुलगा त्यांना सांगून गेला होता की आता वही बंद करा. सचिवानं ऐकलं नाही, म्हणून तुम्ही वाचलात.

गुरुवारी मी तुमच्या बाणेरच्या ऑफिसात येऊन बसलो ते उगाच नाही. तुला बॅकअपचं फोल्डर उघडायला लावलं. रोज रात्री दोनची फाइल, नावात तारीख, एकही दिवस चुकलेला नाही. तू म्हणालास, "बघा सर, रेग्युलर आहे." मी तुला शेजारचा आकडा वाचायला सांगितला. 20. खालच्या फाइलपुढे 20. त्याच्या खालीही 20. चार महिने रोज 20 बाइट. काहीही नसलेली गोष्ट जीझिपनं आवळली की एवढीच फाइल उरते. चार महिन्यांपूर्वी तुम्ही डेटाबेसचा सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेलात आणि बॅकअपच्या मशीनवरचं डंप घेणारं पीजीडंप जुनंच ठेवलंत. आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा डंप ते घेत नाही, एरर देऊन थांबतं. ती एरर कुणी पाहिली नाही, कारण पीजीडंप पाइपनं जीझिपला जोडलेलं, आणि पाइपमध्ये शेल शेवटच्या कमांडचाच निकाल धरतं, आणि शेवटच्या जीझिपनं आपलं काम नीट केलं होतं. हे मी तुम्हाला दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये फळ्यावर काढून दाखवलं होतं. पाइपफेलची एक ओळ लिहिली असतीस तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

पण मला राग त्या ओळीचा आलेला नाही. ओळ कुणाचीही राहते. राग कशाचा आलाय ते ऐक.

जूनमधल्या मीटअपला तू मला आग्रहानं बोलावलंस. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तुझं भाषण कशावर होतं? लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीवर. 31 जानेवारी 2017 ची रात्र. दमलेला इंजिनिअर, दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवर डिलीटची कमांड देतो, दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन थांबतो, आणि तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलेला असतो. मग बॅकअप शोधायला जातात तर एकही धड नाही. पीजीडंपची आवृत्ती जुळत नव्हती म्हणून डंपच होत नव्हता. बॅकअप ठेवायची जागा रिकामी होती. बिघाडाच्या ईमेल सुटत होत्या, पण त्या स्वीकारल्याच जात नव्हत्या. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हातानं एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, त्यावर सगळं निभावलं. हे सगळं तू मुखोद्गत सांगितलंस. लोक हसले, टाळ्या झाल्या, फोटो लिंक्डइनवर चढले. पीजीडंपच्या आवृत्तीची स्लाइड तू स्वतः केली होतीस. आणि तू ती दाखवत होतास त्या संध्याकाळी तुझ्या स्वतःच्या सर्व्हरवर तोच बिघाड सुरू होता. घरी जाऊन एक कमांड चालवून बघावीशी वाटली नाही तुला? एवढं बोललास, आणि आपलं काय चाललंय हा प्रश्न मनात आला नाही?

सकाळी उठल्यापासून तू बातम्या वाचतोस. कुणाला सिरीज ए मिळाली, कुणाचं व्हॅल्युएशन किती झालं, कुठल्या मॉडेलनं कुठल्या मॉडेलला मागं टाकलं, कुठली फ्रेमवर्क आता मेली म्हणे. चहाच्या टपरीवर तुम्हा चौघांचं बोलणं मी ऐकलंय. वाचू नको असं मी म्हणत नाही, मीही वाचतो. पण तुझ्या हाती आलेली बातमी तुझ्या मशीनपर्यंत पोचतच नाही. ग्रुपवर जाते, स्लाइडवर जाते, आणि संपते.

मार्च 2024 मधली एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाची बातमीही तूच मला पाठवली होतीस, तीन उद्गारचिन्हं टाकून. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस वेगळ्याच मोजमापात गुंतला होता. एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि प्रोसेसर उगाच तापवतंय, हे त्याच्या नजरेत भरलं. अर्धा सेकंद! त्यानं ते सोडलं नाही, खणत गेला, आणि एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम लपवलेलं चोरदार त्याला सापडलं. टोपणनावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून, एकट्यानं तो प्रकल्प ओढणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला होता. जगभरच्या सर्व्हरांत ते शिरायच्या आत पकडलं गेलं, ते एका माणसाला अर्धा सेकंद खटकला म्हणून. तुझ्या ॲपचं लॉगिन गुरुवारी मी तुझ्यासमोर मोजलं. सात सेकंद. तू म्हणालास, "ऑफिसचं वायफाय स्लो आहे, सर." सचिवाच्या फोनवरही सातच लागतात, आणि तिथं तुमचं वायफाय नाही. पहाटे रांगेत किटल्या घेऊन माणसं उभी असतात आणि तो स्क्रीनकडे बघत बसतो.

मीटअपमध्ये तुम्ही पुण्याच्या स्टार्टअप संस्कृतीबद्दल फार बोलता. ती कुठून आली ते तरी बघा. कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकानात येणारी मशिनं व्हायरसनं बिघडलेली असत. धाकटे भाऊ संजय यांनी ते व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून क्विक हील कंपनी उभी राहिली, आणि 2016 मध्ये शेअर बाजारात गेली. आधी गिऱ्हाइकाचं बिघडलेलं मशीन टेबलावर आलं आणि बाकी सगळं त्यानंतर झालं. तुमच्याकडे मी पाहिलं तर पिच डेकची चौदावी आवृत्ती तयार आहे, आणि तक्रारींच्या यादीत माझ्या गावच्या सचिवाची तक्रार एकोणीस दिवस 'ओपन' आहे. 'मागची पावती दिसत नाही,' एवढंच लिहिलंय त्यानं. उत्तर नाही.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तू मला म्हणालास, "सर, नव्या मुलानं चुकून प्रॉडक्शनवर कमांड चालवली." तो मुलगा समोर बसला होता. मान वर करत नव्हता. लागून दोन महिने झालेत त्याला. त्याच्या हातात प्रॉडक्शनची चावी कुणी दिली? टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या दोन्ही खिडक्या एकाच काळ्या रंगाच्या कुणी ठेवल्या? गिटलॅबनं त्या रात्री काय केलं ते तूच सांगितलं होतंस ना? माणसाचं नाव पुढे केलं नाही. काय बिघडलं ते जगासमोर उघडं लिहिलं, दुरुस्तीचं काम लाइव्ह दाखवलं. तुझ्या भाषणातला तेवढाच भाग उचलण्यासारखा होता, आणि तोच तू टाकून दिलास.

मी एवढं बोलतोय ते तू मठ्ठ आहेस म्हणून नाही. तिसऱ्या वर्षाला लॅब बंद करायला शिपाई किल्ल्या वाजवत उभा असायचा आणि तू एका सेगमेंटेशन फॉल्टच्या मागं लागून जागचा हलत नव्हतास. तेव्हा मी शिपायाला थांबायला सांगायचो. त्या मुलाला मी ओळखतो, आणि गुरुवारी ऑफिसात मला तो दिसला नाही.

आता कामाचं. या शनिवारी कुठल्याही डेमो डेला जायचं नाही. पीजीडंप बदल, पाइपफेल टाक, नवा बॅकअप घे, आणि कोऱ्या मशीनवर तो उभा करून दाखव. माझ्या संस्थेच्या 140 सभासदांची एका दिवसाची बेरीज वहीतल्या बेरजेशी ताडून बघ आणि किती मिनिटं लागली ते मला लिहून पाठव. 'झालं सर' असं पाठवलंस तर मी वाचणार नाही, आकडा पाठव. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे पुन्हा होईल आणि दर वेळी करणारा माणूस वेगळा असेल. काय झालं, कसं झालं, याचं एक पान मराठीत लिहून सचिवाला दे. माफीचं एक वाक्य पुरे, बाकी कारणं लिही. त्याला कळतात.

आणि मग गावाला ये. सचिव पहाटे साडेपाचला संस्थेचं कुलूप उघडतो, सकाळच्या गाडीनं निघून पोचणार नाहीस. आदल्या दिवशी निघ आणि रात्री माझ्या घरी झोप. त्या नव्या मुलालाही बरोबर आण.