निविदेपलीकडचा माणूस

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव हे कोशाच्या विणकामासाठी विदर्भात परिचित असलेले गाव. जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोश वाढविणारे ढिवर, परंपरेने मांडीवर धागा वळत आलेल्या स्त्रिया आणि मागावर बसणारा विणकर, अशा मोजक्या हातांतून हे कापड सिद्ध होते. घेणाऱ्याने मनात आणले तर ते हात त्याला पाहता येतात. शासन आपल्या करातून, आपल्या वतीने, रुग्णालयांच्या चादरी, रस्त्यांची खडी वा इमारतींच्या विटा विकत घेते, तेव्हा मात्र कंत्राटदार, उपकंत्राटदार व मुकादम अशी साखळी मध्ये उभी राहते. शेवटचा हात कुणाचा, हे निविदेत लिहिलेले नसते. त्या न पाहिलेल्या हाताचे उत्तरदायित्व खरेदीदारावर येते काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात एकदा स्पष्टपणे दिले गेले आहे. १९८२ साली दिल्लीत भरणाऱ्या एशियाडच्या बांधकामांसाठी परप्रांतांतून मजूर आणले गेले. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. त्यातला १ रुपया जमादार आपले कमिशन म्हणून कापून घेई. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबणारा माणूस स्वेच्छेने राबत नाही. दारिद्र्याची सक्ती हीही सक्तीच होय, आणि माणसांचा व्यापार व वेठबिगारी निषिद्ध ठरविणाऱ्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाचा तो भंग आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी प्रतिपादन केले. शिवाय, काम कंत्राटदाराकडून करून घेतले म्हणून शासन मोकळे होत नाही, हेही त्यांनी बजावले.

यावर कुणी म्हणेल, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे म्हणजे जनतेच्या पैशाची राखण नव्हे काय? आक्षेप बिनबुडाचा नाही. काटकसर हा सद्गुणच आहे. पण ती कौशल्यातून साधलेली हवी, कुणाच्या पोटाला चिमटा काढून नव्हे. सिमेंट आणि डिझेल सर्वांना सारख्याच भावाने मिळते. दर खाली ओढायचा तर वाकते ती मजुरी. मग मुकादमाची उचल कामी येते. महाराष्ट्रातील ऊसतोडीत नि वीटभट्ट्यांवर ही उचल आपण पाहतोच. हंगाम सरतो, कर्ज सरत नाही. वेठबिगारीचे कर्ज १९७६ च्या कायद्याने रद्दबातल ठरविले. तरीही जेथे कर्जच माणसाचा मुक्काम ठरवते, तेथे बाजार न भरताही माणूस विकला गेलेला असतो.

उपाय अवघड नाहीत. सरकारी कंत्राटांतील कामगारांकडून भरतीचे शुल्क घेण्यास अमेरिकेने २०१२ साली मनाई केली. आपल्याकडेही मजुरी थेट मजुराच्या खात्यात जावी, उपकंत्राटदारांची नावे जाहीर व्हावीत, अवाजवी कमी दराचा खुलासा मागितला जावा. आणि शासनाने स्वतःची देयके वेळेवर चुकती करावीत. कारण वरचा विलंब अखेर खालच्याच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

२०१५ च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी उद्योगांबरोबर ग्राहकांच्याही सामाजिक जबाबदारीचा उल्लेख केला होता. धर्मग्रामाची शाळा वा सभागृह बांधले जाते तेव्हा आपणही ग्राहकच असतो. शासनाला जाब विचारण्याचा आपला अधिकार निर्विवाद आहे. मात्र आपल्या इमारतीच्या विटा कुणी थापल्या, त्याला दाम पुरते मिळाले काय, हे विचारण्याची सवय आपण आधी आपल्या अंगणात लावून घेतली पाहिजे.